पेव, रूळ आणि पेठ : सातारा-सांगलीच्या व्यापारउदिमाची जडणघडण

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मागे वळून पाहताना एक प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. गुजरात, कच्छ, मारवाड अशा दूरच्या मुलखांतून निघालेल्या जैन कुटुंबांनी कृष्णाकाठच्या या गावांतच आपले बस्तान का बसविले? पूर्वजांची चिकाटी व सचोटी हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. चिकाटीचा माणूस कोठेही कष्ट करील. परंतु माल ठेवावयास जागा, तो हलवावयास वाट आणि दुकान थाटावयास जमीन जेथे मिळते, तेथेच त्याची दुसरी पिढी टिकते.

इ.स. 1801 मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली ही आपली राजधानी केली. नवी राजधानी म्हटली की वाडा आला, देवालय आले, आणि त्यांच्या आधाराने पेठही आली. मळ्यांत हळद, भुईमूग पिकविणारा दिगंबर जैन शेतकरी या भूमीत पूर्वापार नांदत होताच. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याला धर्मबंधू भेटला आणि मालही मिळाला. पंथ वेगळा, भाषा वेगळी, तरी पर्युषणाच्या दिवसांत दोघांच्याही घरी व्रत-उपवास असत, हा दुवा लहान नव्हे.

सांगलीच्या हळदीची कीर्ती मात्र केवळ पिकामुळे झाली नाही. शहरालगत, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर हे गाव आहे. तेथील माती अशी की जमिनीत खोल खड्डा घेतला तरी भिंत ढासळत नाही आणि आत ओलही येत नाही. वर अरुंद तोंड व खाली ऐसपैस पोट असलेली ही पेवे म्हणजे निसर्गाने दिलेली वखारच होय. त्यांत हळद भरून तोंड मातीने बंद केले की माल वर्षानुवर्षे टिके. कीड लागत नसे, रंगही उतरत नसे. पेव उघडल्यावर आतील कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत कोणी खाली उतरत नसे; त्या बाबतीतील हयगय जिवावर बेतणारी होती. पेव गावकऱ्याचे आणि माल व्यापाऱ्याचा. भाव पडलेला असता घाईने विकण्याची सक्ती नाही, आणि गोदाम बांधण्यासाठी भांडवलही अडकवावे लागत नाही! थोड्या पुंजीवर आलेल्या माणसाला याहून मोठा आधार कोणता असणार?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-मिरज मार्ग झाला. या लोहमार्गाने जुन्या गावांची फारशी पर्वा केली नाही. सातारा शहर बाजूला राहिले, कऱ्हाडचे स्थानक गावापासून दूर पडले, सांगलीलाही मिरजेशी जोडणाऱ्या फाट्यासाठी 1907 पर्यंत थांबावे लागले. पण गावांची ही गैरसोय उद्योगांच्या पथ्यावर पडली, कारण स्थानकाजवळ माळरान मोकळे होते.

बेळगावच्या नगरपालिकेला विस्तारासाठी जागा हवी होती, म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना तेथील आपला कारखाना हलविणे भाग पडले. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1910 साली त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे बिनव्याजी कर्ज देऊ केले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची वानवा. तरीही लक्ष्मणरावांनी ती स्वीकारली, कारण दाराशी रेल्वे होती. लोखंडी नांगर बैलगाडीने देशभर कसा पाठविणार? पुढे स्थानकालाच किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले. कऱ्हाडच्या स्थानकाजवळ 1916 मध्ये ओगले बंधूंचा काच कारखाना निघाला व ओगलेवाडी वसली. सातारा रोड स्थानकाजवळ पाडळी येथे धनजीशा कूपर यांचा नांगरांचा कारखाना उभा राहिला. तिन्ही ठिकाणी कारखाना आधी नव्हता. आधी आले ते स्थानक.

या तिन्ही कारखान्यांशी ज्यांचा संबंध आला, असे एक नाव जैन समाजाला विशेष जवळचे आहे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेले भाऊराव पाटील ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकीत गावोगाव हिंडले, आणि पाडळीच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता. पुढे मतभेद होऊन ते त्यातून बाहेर पडले. फिरतीवर असताना खेड्यांतील मुलांचे जे अज्ञान त्यांनी पाहिले, त्यातून 1919 साली काले येथे रयत शिक्षण संस्था जन्मास आली. नांगरांचा धंदा त्यांनी सोडला, ओळखीची गावे मात्र सोडली नाहीत. पाडळीचा कारखाना पुढे सोलापूरचे जैन उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या समूहाकडे गेला. सांगलीच्या विश्रामबागेत 1947 साली निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही 1955 पासून वालचंदांचे नाव आहे.

1949 मध्ये दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला व 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर राजाने मेहेरबानीने जमीन देण्याचे दिवस संपले. आखलेला भूखंड, वीज व पाणी अर्ज करून मिळू लागले. सातारा, मिरज, कुपवाड येथील वसाहतींत पेठेतील अनेक घरांची तरुण पिढी दुकानाच्या गादीवरून उठून यंत्रासमोर उभी राहिली. ज्यांच्या वडिलांनी कर्जाने भूखंड घेण्याचे धाडस केले नाही, त्यांची मुले पुण्या-मुंबईस गेली, हेही नमूद केले पाहिजे.

ज्या नदीने हरिपूरला ती माती दिली, तिनेच 2005 च्या महापुरात ती पेवे बुडविली. लाखमोलाची हळद भिजून गेली आणि पेवांचा वापर झपाट्याने उतरणीस लागला. 2018 साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन लाभले. तोवर माल गोदामांत व शीतगृहांत जाऊ लागला होता. आता त्याचे भाडे मोजावे लागते, आणि भाव पडला की जुन्या व्यापाऱ्याइतके थांबणे परवडत नाही. हरिपुरात जमिनीखाली अजून पेवे आहेत; बहुतेकांची तोंडे बुजलेली आहेत.