शाहिराचे नाव शेवटच्या कडव्यात असते

दलित साहित्याचा इतिहास मांडताना आपण कथा, कविता, आत्मकथन आणि समीक्षा असे चार कप्पे करतो. संमेलनांच्या तारखा देतो, नियतकालिकांची नावे देतो, वादांची नोंद करतो. या चार कप्प्यांत गाणाऱ्या माणसाला जागा कुठे आहे? २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. ज्याच्या लेखणीइतकाच त्याचा शाहिरी आवाज लोकांना ठाऊक होता, अशा माणसाच्या हातून या साहित्याचे दार उघडले गेले. पण दार उघडून देणाऱ्यांची जातकुळी असलेला शाहीर पुढे उंबऱ्याबाहेरच राहिला. त्याची गाणी जयंतीला हवी असतात. अभ्यासक्रमात, समीक्षेत, इतिहासात मात्र तो तळटीप होतो.

हा प्रश्न मी बदनापुरात बसून विचारतो आहे, त्याला कारण आहे. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि जालना यांच्या मधले हे रेल्वेचे ठाणे. १९०० साली मनमाडहून हैदराबादकडे लोहमार्ग गेला, तेव्हा गाडी आली. पण गाडीबरोबर शाळा आली नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामी राजवटीत होता. माझे वडील सालगडी. त्यांना अक्षरओळख नव्हती. ‘जनता’ वा ‘प्रबुद्ध भारत’ त्यांच्या हाती कधी पडले नाही. पण महाड १९२७ चे, नाशिकचा काळाराम १९३० चा, येवल्याची घोषणा १९३५ ची आणि नागपूरची दीक्षा १९५६ ची, हा क्रम त्यांना पक्का पाठ होता. तो त्यांना कुणी शिकवला? गाण्याने शिकवला. तुरीच्या रानात खुरपताना, बैलगाडीवर पेंगुळताना ते हा इतिहास गुणगुणत. ज्यांना ग्रंथालय नाकारले गेले, त्यांनी आपले ग्रंथालय गळ्यात बांधले, असेच म्हणावे लागेल.

या गळ्यातल्या ग्रंथालयाची पायाभरणी आंबेडकरी जलशाने केली. त्याच्या आधी सत्यशोधक जलसा होता आणि त्याच्याही आधी तमाशा होता. तमाशातला गण, गवळण, बतावणी, वग हा साचा जलशाने उचलला. पण गणातली गणपतीची स्तुती काढली, गवळणीतला कृष्ण काढला, आणि वगाच्या जागी गावकीचा, वेठबिगारीचा, पाणवठ्याचा प्रश्न उभा केला. सोंगाड्या तोच राहिला, परंतु आता तो भटजीला आणि पाटलाला प्रश्न विचारू लागला. नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांनी १९३० नंतरच्या काळात असे जलसे गावोगाव नेले आणि १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून त्यांची हकीकत स्वतःच नोंदवून ठेवली. कर्डकांचा एक जलसा माझ्या दहा सभांच्या बरोबरीचा, असे बाबासाहेब म्हणाल्याचे जुने कार्यकर्ते सांगत आले. बाबासाहेबांना गाण्याची ताकद ठाऊक होती, तशीच त्याची किंमतही. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेला पैसा त्यांनी घेतला नाही, ही गोष्ट आपल्या समाजात सर्वश्रुत आहे. स्त्रीच्या नाचण्यावर मिळालेल्या पैशाने मुक्तीचा लढा लढायचा नाही, हा त्यातला अर्थ. जलशाची भूमी या दोन गोष्टींनी आखलेली आहे : गाणे हवे, पण माणसाला खाली आणणारे गाणे नको.

त्याच नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामन तबाजी कर्डक यांचा जन्म झाला. आपण त्यांना वामनदादा म्हणतो. भीमराव आणि वामनदादा हे दोन वेगळे कर्डक. एकाने जलसा उभा केला, दुसऱ्याने गीत. वामनदादा पोटासाठी मुंबईत आले, शिवडीच्या बी.डी.डी. चाळीत राहिले, मिळेल ती मजुरी केली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिलेले नव्हते. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला दिले आणि ते वाचता आले नाही, याची लाज त्यांच्या जिव्हारी लागली. चाळीतल्या देहलवी मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत जोडाक्षरे पैदा केली. तरुणपणी सिनेमाचे वेड होते, स्टुडिओच्या दारात उमेदवारी झाली. १९४३ मध्ये पहिले गाणे लिहिले, तेही सिनेमातल्या गाण्यावर बेतलेले, हसवण्यासाठी. पण बाबासाहेबांना पाहिले-ऐकले आणि त्या विनोदी गाण्याची वाट बदलली. संसार सुखाचा झाला नाही. पहिली बायको सोडून गेली, लेक लहानपणीच दगावली. पुढची साठ वर्षे हा माणूस गावोगाव गात राहिला. ‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६), ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रह निघाले, ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन आले. त्यांची गाणी हजारांच्या घरात भरतात. १५ मे २००४ रोजी ते गेले.

आता या जीवनाशेजारी दुसरे एक जीवन ठेवून पाहू. आपल्या चळवळीने अमेरिकेतील काळ्या माणसांकडे फार आधीपासून पाहिलेले आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवरचे पुस्तक आले आणि आपल्या समीक्षेला तुलनेचे एक परिमाण मिळाले. परंतु त्या तुलनेत आपण कादंबरीकार व कवी घेतले. गायिका घेतली नाही. महालिया जॅक्सन ही ती गायिका. १९११ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या गरीब वस्तीत जन्मलेली, लहानपणी आई गमावलेली, शिकागोत येऊन लोकांची धुणी धुणारी, घरकाम करणारी. चर्चमध्ये गाता गाता तिचा आवाज मोठा झाला. १९४७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या तिच्या एका गॉस्पेल गीताच्या तबकड्या लाखांनी खपल्या. डिसेंबर १९५६ मध्ये, म्हणजे आपण बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाच्या दुःखात बुडालो होतो त्याच महिन्यात, ती माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारातील लोकांसाठी गायला गेली. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या विराट सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाआधी ती गायली आणि भाषण चालू असताना, त्या स्वप्नाविषयी सांगा, असे तिने त्यांना मागून ओरडून सुचवले. भाषणाचा तो भाग आज जगाला पाठ आहे. जानेवारी १९७२ मध्ये ती वारली.

दोघांत साम्य केवळ गरिबीचे नाही. गॉस्पेल ज्याने घडवले तो थॉमस डॉर्सी आधी ब्लूज वाजवणारा होता. दारूच्या गुत्त्यातली चाल त्याने प्रार्थनेला लावली, म्हणून प्रतिष्ठित चर्चवाल्यांनी प्रारंभी नाके मुरडली. आपल्याकडेही हेच घडले. भीमगीताने तमाशाची चाल घेतली, कव्वालीचा ठेका घेतला, सिनेमाची तर्ज घेतली. दोन गायन पार्ट्या समोरासमोर बसवून रात्रभर सवाल-जवाब रंगवले. हार्मोनियम, ढोलकी आणि बुलबुलतरंग एवढ्या सामानावर श्रावण यशवंते, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गळ्यांनी वस्त्या जागवल्या. ‘सिनेमाच्या चालीवरचे गाणे’ म्हणून पांढरपेशा रसिकाने ते हिणवले. त्याला हे कळले नाही की, चाल लोकांच्या ओठांवर आधीच होती; शाहिराने फक्त आतला माल बदलला. निरक्षर समाजात विचार पेरायचा तर ओळखीच्या वाफ्यातच पेरावा लागतो.

परंतु साम्य दाखवून थांबलो तर आपली फसगत होईल. महालियाच्या गाण्याला देव होता. तिच्या आवाजातला हुंदका येशूपाशी जाऊन थांबत असे. आपण मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी देव सोडला. मग भीमगीताने कुणापाशी जायचे? इथे भीमगीतावरचा सर्वांत गंभीर आक्षेप उभा राहतो : या गाण्यांनी बाबासाहेबांचा देव केला. उद्धार, कृपा, दर्शन, चरण हे भक्तीचे शब्द मागल्या दाराने परत आले. आक्षेप खोटा नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच बजावले होते की, राजकारणातली भक्ती ही अधःपाताची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे. आज जयंतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढ्या भोंग्यांतून जे वाजते, त्यातले पुष्कळसे या इशाऱ्याला धरून आहे, असे कोण म्हणेल?

म्हणूनच वामनदादांना पुन्हा वाचले पाहिजे. त्यांच्याकडेही कृतज्ञतेची गाणी आहेत. कोटी कुळे उद्धरली अशी भाषा आहे. परंतु त्याच वामनदादांनी, भीमाच्या मताची मोजकी माणसे जरी खरी निघाली असती तर ही दशा झाली नसती, असा सल गाण्यातून मांडला. हे गाणे बाबासाहेबांची आरती करीत नाही. समोर बसलेल्या आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. टाळी वाजवता वाजवता माणसाचा हात थबकतो. भक्तिगीत आणि भीमगीत यांतला फरक मी याच कसोटीवर करतो. जे ऐकून श्रोता निश्चिंत होतो ते भक्तिगीत. जे ऐकून तो अस्वस्थ होतो, स्वतःचा हिशेब मांडतो, ते भीमगीत. ही कसोटी लावली तर आपल्या गाण्यांच्या ढिगाऱ्यातून सोने आणि पितळ वेगळे करता येईल. समीक्षेचे काम याहून निराळे काय असते?

या अस्वस्थतेची किंमत शाहिरांनी मोजलेली आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि आमच्या या मुलखात वस्त्या जळाल्या, पोचीराम कांबळे मारले गेले. १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षांच्या त्या काळात वर्तमानपत्र जे सांगत नव्हते ते गाणे सांगत होते. आमच्या वस्तीत रात्री दिवे मालवून, ढोलकी न वाजवता, दबक्या आवाजात गाणी म्हटली गेली, ती मी ऐकली आहेत. पुढे ११ जुलै १९९७ रोजी मुंबईच्या रमाबाई नगरात गोळीबार होऊन दहा माणसे मेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. २६ नोव्हेंबर २०१० रोजी विठ्ठल उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर व्यासपीठावरच कोसळले. गाणे हा यांच्यासाठी विरंगुळा नव्हता.

आणि तरी त्यांची नावे पुसली जातात. कशी, ते पाहा. संतांच्या अभंगात असते तशी शाहिराची मुद्रा शेवटच्या कडव्यात असते. ‘हे गीत वामनाचे’ या संग्रहाच्या नावातच ती आहे. ज्याच्याकडे छापखाना नव्हता, हक्काचा कागद नव्हता, त्याने आपली मालकी अशी गाण्यात विणली. पण ध्वनिफिती आल्या, वेळ मोजला जाऊ लागला, आणि मी ऐकलेल्या कितीतरी फितींत शेवटचे कडवेच गाळलेले आहे. आता मोबाइलवर तर दोन ओळींचा तुकडा फिरतो. गाणे उरते, गाणारा उरतो, लिहिणारा नाहीसा होतो. ज्यांच्या बापजाद्यांची नावे तलाठ्याच्या दप्तरात लागली नाहीत, त्यांच्या कवींची नावे त्यांच्याच गाण्यांतून कापली जावीत, ही साधी गोष्ट नाही.

बायांचे तर नावही नव्हते. जलशात स्त्रीपात्र पुरुष वठवत. पण पहाटेच्या जात्यावर आमच्या आया-आत्या भीमाच्या ओव्या रचत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांत बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरातील बायांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. औरंगाबादच्या कडूबाई खरात एकतारी घेऊन गायला लागल्या आणि त्यांचा आवाज मोबाइलवरून घरोघर गेला, तेव्हा शहरी लोकांना नवल वाटले. आम्हाला वाटले नाही. तो आवाज आमच्या घरात जात्यापाशी केव्हापासून होता.

तेव्हा शिक्षक, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांच्यापुढे काम स्पष्ट आहे. मी बदनापूर आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून जयंतीला विकल्या गेलेल्या चार-आठ आण्यांच्या गीतपुस्तिका, हाताने उतरवलेल्या वह्या, जुन्या फिती जमवायला सुरुवात केली आहे. पत्र्याच्या पेटीत, बायकोच्या जुन्या लुगड्यात बांधलेल्या त्या सापडतात. कसर लागलेल्या, तेलाच्या डागांनी माखलेल्या. प्रत्येक गाण्यापुढे मी तीन गोष्टी लिहितो : कुणी रचले, कोणत्या चालीवर, कोणत्या प्रसंगी गायले. हे काम प्रत्येक तालुक्यात एका माणसाने जरी केले, तरी मराठवाड्याचा एक इतिहास हाती येईल, जो कुठल्याही गॅझेटिअरात नाही. वह्या राखणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

आणि येत्या १४ एप्रिलला जो कुणी माइक हातात घेईल, त्याला माझे एवढेच सांगणे : गाणे पुरे म्हणा. शेवटचे कडवे गाळू नका.