अभिकल्प-तपासणीच्या ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणाली

यंत्रभाग, इमारत वा अन्य अभियांत्रिकीय रचना यांचा अभिकल्प (आराखडा) निर्मितीपूर्वी तज्ञांच्या अनुभवजन्य नियमांशी ताडून त्यातील संभाव्य दोष दाखविणाऱ्या संगणक प्रणाली. गणिती विश्लेषणाहून त्यांचे कार्य वेगळे आहे. एखाद्या भागावर भार आल्यास त्यात किती प्रतिबल निर्माण होईल, हे विश्लेषणाने कळते; परंतु तो भाग उपलब्ध यंत्रांवर माफक खर्चात तयार करता येईल की नाही, हे बहुधा कारखान्यातील अनुभवानेच कळते. हा अनुभव ‘अमुक स्थिती असल्यास अमुक निष्कर्ष’ अशा नियमांच्या रूपाने ज्ञानाधारात साठविलेला असतो. प्रस्तुत अभिकल्पास त्यांपैकी कोणते नियम लागू पडतात, हे प्रणालीतील अनुमान यंत्रणा ठरविते.

इतिहास : संहितांमधील कलमे संगणकास वापरता येतील अशा रीतीने मांडण्याचा एक महत्त्वाचा प्रारंभिक प्रयत्न अमेरिकन अभियंते स्टीव्हन फेनव्ह्‌झ यांनी १९६६ मध्ये केला. संरचनांच्या अभिकल्पाचे नियम त्यांनी निर्णयसारण्यांच्या स्वरूपात मांडले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात जंतुसंसर्गाच्या निदानासाठी ‘मायसिन’ ही तज्ञ प्रणाली तयार झाली. तिच्यातील वैद्यकीय ज्ञान काढून केवळ अनुमान यंत्रणा ठेवल्यावर जो सांगाडा उरला, त्यात संरचना-विश्लेषणाचे ज्ञान भरून १९७८ मध्ये ‘सॅकॉन’ ही प्रणाली सिद्ध करण्यात आली. कोणत्या प्रकारचे विश्लेषण करावे, याविषयी ती अभियंत्यास सल्ला देई.

भारतात इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा प्रकल्प हाती घेतला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र हे त्यातील एक प्रमुख केंद्र होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका विभागातून ते १९८५ मध्ये स्वतंत्र झाले होते. या विषयावरील एक आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर १९८९ मध्ये मुंबईत भरली. २००३ मध्ये हे केंद्र सी-डॅकमध्ये विलीन झाले.

प्रारंभीच्या प्रणालींमध्ये दोन अडचणी होत्या. अनुभवी कारागिरास जे हाताने साधते, ते शब्दांत सांगता येतेच असे नाही. त्यामुळे ज्ञानसंपादनाचे काम जिकिरीचे व संथ होई. शिवाय अभिकल्पाची माहिती अभियंत्याला प्रश्नोत्तरांच्या रूपाने पुरवावी लागे. दुसरी अडचण त्रिमितीय घन प्रतिमाने प्रचारात आल्यावर बरीच दूर झाली. प्रतिमानातील भोके, खाचा, बाक इ. रूपविशेष संगणक स्वतः ओळखू लागला. गोदरेज समूहाशी संबंधित जिऑमेट्रिक या कंपनीने या क्षेत्रात उल्लेखनीय काम केले. रूपविशेष ओळखणारी ‘फीचरवर्क्स’ आणि निर्मितियोग्यता तपासणारी ‘डीएफएमप्रो’ ही तिची उत्पादने होत. ही कंपनी २०१७ मध्ये एचसीएल टेक्नॉलॉजीजमध्ये समाविष्ट झाली.

तपासणीचे स्वरूप : पत्र्याच्या भागात भोक बाकाच्या फार जवळ असल्यास पत्रा वाकविताना ते लंबगोल होते. व्यासाच्या मानाने भोक फार खोल असल्यास गिरमिट मोडण्याचा संभव असतो. प्लॅस्टिकच्या भागाच्या भिंतीची जाडी एकसारखी नसल्यास पृष्ठभागावर खळगे पडतात; भिंतीस पुरेसा उतार नसल्यास भाग साच्यातून सहज सुटत नाही. प्रणाली अशा जागा प्रतिमानावरच दाखविते. असा दोष आराखड्यात आढळल्यास दुरुस्ती काही मिनिटांत होते. साचा कापून झाल्यावर आढळल्यास साचाच पुन्हा करावा लागतो. छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूजसारख्या औद्योगिक क्षेत्रांत मोठ्या कारखान्यांना लहान कारखाने सुटे भाग पुरवितात. अभिकल्प करणारा व भाग घडविणारा हे जेथे असे परस्परांपासून दूर असतात, तेथे या तपासणीचे महत्त्व विशेष असते.

मर्यादा : यंत्रे व द्रव्ये यांनुसार मूल्ये बदलत असल्याने प्रत्येक कारखान्याला नियम आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावे लागतात. नियम फार कडक ठेवल्यास निरर्थक सूचनांची गर्दी होते आणि त्यांतील खरी सूचना दुर्लक्षित राहते. ज्या दोषाविषयी नियमच लिहिलेला नाही, तो प्रणालीस दिसत नाही. निवृत्त होणाऱ्या कारागिराबरोबर त्याचे न नोंदलेले ज्ञानही कारखान्याबाहेर जाते आणि संगणकाला ते मागाहून मिळविता येत नाही. त्यामुळे तपासणीत दोष न आढळणे म्हणजे अभिकल्प निर्दोष असणे नव्हे. त्याची अंतिम जबाबदारी अभियंत्यावरच राहते.