हलक्या चमच्याचा जड इतिहास

ट्रेकिंगच्या दुकानात टायटॅनियमचा 'स्पॉर्क' मिळतो. म्हणजे अर्धा स्पून, अर्धा फोर्क. वजन जेमतेम १७ ग्रॅम, पण किंमत ऐकली की घरातला स्टीलचा चमचा एकदम आवडायला लागतो. एवढ्याशा चमच्याला एवढे पैसे का? उत्तरासाठी दीडशेपेक्षा जास्त वर्षं मागे जावं लागतं.

१८५४ मध्ये फ्रान्सच्या देव्हील नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने सोडियम वापरून अ‍ॅल्युमिनियम बनवायची रीत काढली. तिसऱ्या नेपोलियनने त्याला पैसे पुरवले, कारण त्याला सैनिकांसाठी हलकं सामान हवं होतं. पण धातू इतका महाग पडला, की तो छावणीऐवजी राजवाड्यातच राहिला. खास पाहुण्यांना अ‍ॅल्युमिनियमचे काटे-चमचे आणि बाकीच्यांना सोन्याचे, अशी एक गोष्ट सांगतात. खरंखोटं सम्राटच जाणे! १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर अ‍ॅल्युमिनियम बसवलं, तेव्हाही त्याचा भाव चांदीच्या आसपास होता.

गंमत बघा, पृथ्वीच्या कवचात सगळ्यात जास्त असलेला धातू हाच, सुमारे ८ टक्के. पण तो ऑक्सिजनला असा चिकटलेला असतो की सोडवता सोडवत नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघेही विशीतले, एकमेकांना न ओळखता एकाच उत्तरापाशी पोचले: अ‍ॅल्युमिना वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये विरघळवा आणि त्यातून वीज सोडा. दहा वर्षांत भाव कोसळला. १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी अ‍ॅल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली. सम्राटाचा धातू गरिबाच्या चुलीवर चढला.

टायटॅनियमची कथा अर्धी तशीच आहे. त्याचं खनिज, इल्मेनाइट, केरळच्या आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही आहे. पण क्रोल या शास्त्रज्ञाने १९४० च्या सुमारास बसवलेल्या पद्धतीत आधी क्लोरीन, मग मॅग्नेशियम वापरून एकेक घाणा काढावा लागतो, आणि एका घाण्याला कित्येक दिवस जातात. टायटॅनियमला अजून त्याचा 'हॉल' भेटलेला नाही. आपण पैसे मोजतो ते या खटाटोपाचे.

मग घ्यायचं काय? अ‍ॅल्युमिनियम हलकं, पण वाकतं आणि गरम सूपने ओठ भाजतात. टायटॅनियम वाकत नाही, गंजत नाही आणि उष्णता फार सावकाश वाहून नेतं. प्लॅस्टिक स्वस्त, पण ऐन वेळी मोडतं.

पण एक लक्षात ठेवा. १९५५ मध्ये एमा गेटवूड नावाच्या ६७ वर्षांच्या आजी घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून एकट्या ३,००० किलोमीटरहून लांब अ‍ॅपलेशियन ट्रेल चालून गेल्या. त्यांनी वजन कमी केलं ते महाग वस्तू घेऊन नाही, वस्तू घरी ठेवून. आपल्याकडे तर भाकरी हीच ताटली आणि हाच चमचा. सूप प्यायचं नसेल, तर १७ ग्रॅमही कशाला?