चिकटवणाऱ्यांचा इतिहास

कार्डाला एक थर वाढवला की दर जवळपास दुप्पट सांगता येतो, हे आमच्या पंचिंगच्या, म्हणजे डायनं कागद कापायच्या, धंद्यातलं जुनं शहाणपण. कागद फार वाढत नाही. पण गिऱ्हाईक कार्डावरून बोट फिरवतं, वरच्या जाळीतून खालचा रंग डोकावताना बघतं आणि घासाघीस करायचा त्याचा उत्साह निम्म्यावर येतो. पुण्यात नारायण पेठेत माझं पंचिंगचं युनिट होतं. शाईचे रूळ काढून टाकलेली छपाईची एक जुनी ट्रेडल, भिंतीवर टांगलेले लग्नपत्रिकांचे डाय आणि दिवाळी-संक्रांतीच्या आधी उशिरापर्यंत चालणारा खडखडाट. ते सगळं आता बंद झालं. घरात मात्र सुनेनं कटिंग मशीन आणलंय. टेबलाच्या कोपऱ्यावर मावतं. त्यावर ती थराथरांची दिवाळीकार्डं करते, डिसेंबरात नाताळची. बघणारे म्हणतात, 'वा, हँडमेड!' ती मान डोलावते. मी पेपरात डोकं घालतो, कारण या प्रकारचं कार्ड निव्वळ हातानं करायचे दिवस गेल्याला पावणेदोनशे वर्षं तरी झाली.

निव्वळ हातानं करायच्या त्या युरोपातल्या मठांमधल्या जोगिणी. सतराव्या-अठराव्या शतकात फ्रान्स-जर्मनीकडे त्या चर्मपत्राच्या किंवा कागदाच्या तुकड्यावर मधोमध संताचं छोटं चित्र काढत आणि भोवती लेखणी तासायच्या चाकूनं लेससारखी जाळी कापत. प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवायची ही चित्रं. एकेका चित्राला किती वेळ लागत असेल याचा अंदाज मला थोडाफार बांधता येतो, म्हणूनच त्या कामाचा हिशेब मी मांडत नाही; तिथं मजुरी हा विषयच नव्हता.

मजुरी आली की यंत्र येतं. लंडनमध्ये डॉब्ज नावाची कागदावर उठावाचं काम करणारी पेढी होती. नर-मादी डायच्या मध्ये कागद दाबायचा, नक्षी वर उठते. आम्हीही पत्रिकेवरचा गणपती तसाच उठवायचो. त्या पेढीतला जोसेफ ॲडनब्रुक नावाचा कारागीर १८३४ च्या सुमारास उठावाच्या कागदावर कानस फिरवत होता. वर आलेले उंचवटे घासले गेले आणि तिथं भोकं पडली. कागदाची लेस सापडली ती अशी, असं सांगतात. गोष्ट रंगवून सांगितलेली असेलही, पण कृती बरोबर आहे. वर आलेला भाग खरवडून काढणं हे कापण्यापेक्षा कितीतरी जलद काम. जोगिणीच्या चाकूला जे जमायला दिवस जात, ते आता दाब आणि कानस यांच्यावर भागलं. पुढच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये अशी लेस घाऊक निघू लागली.

त्याच सुमारास टपाल स्वस्त झालं. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र कुठंही जाऊ लागलं. त्या सुधारणेसाठी झटलेल्यांपैकी एक हेन्री कोल. नाताळात इतक्या लोकांना पत्रं लिहायची कुठून, म्हणून त्यानं १८४३ मध्ये जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि छापून, हातानं रंगवून एका शिलिंगला विकायलाही ठेवलं. टपालाला एक पेनी आणि कार्डाला बारा! चित्रात सगळं कुटुंब मद्याचे पेले उंचावतंय, त्यात एक लहान पोरही, दारूबंदीवाले खवळले. पहिलं छापील नाताळकार्ड म्हणून सगळीकडे याचंच नाव घेतात. माझ्या लेखी ते एका थराचं कार्ड, त्यात आमच्या धंद्याचं काही नाही. थरांची खरी मजा तेव्हा व्हॅलेंटाइन कार्डांत होती आणि ती वाढली अटलांटिकच्या पलीकडे.

मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर गावात साउथवर्थ हाउलँड नावाच्या गृहस्थांचं पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं दुकान होतं. त्यांची मुलगी एस्थर १८४७ मध्ये माउंट होलिओकमधलं शिक्षण संपवून घरी आली. वडिलांच्या धंद्यातल्या ओळखीतून तिला इंग्लंडचं लेस लावलेलं एक व्हॅलेंटाइन मिळालं. ते बघून तिला वाटलं, हे मी याहून चांगलं करीन. वडिलांनी इंग्लंडहून लेस आणि छापील फुलं मागवून दिली. तिनं डझनभर नमुने तयार केले आणि फिरतीवर निघालेल्या भावाच्या पेटीत घातले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी पुष्कळ, असा तिचा हिशेब. भाऊ परतला तो पाच हजार डॉलरच्या वर मागण्या घेऊन. आता एवढी कार्डं करायची कुणी?

इथं मला ही बाई आवडायला लागते. तिनं मैत्रिणी गोळा केल्या, घराच्या वरच्या मजल्यावर लांब टेबल मांडलं आणि काम तोडून वाटलं. एकजण चित्रं कापणार, दुसरी पार्श्वभूमीचा कागद लावणार, तिसरी लेस, चौथी फुलं. नमुना एस्थर स्वतः करणार आणि शेवटी नजरही तिचीच. हेन्री फोर्डच्या मोटारींआधी साठ-पासष्ट वर्षं. ज्यांना घर सोडून येता येत नसे त्यांच्या घरी सामानाचं खोकं जायचं आणि तयार कार्डं भरून परत यायचं.

तिनं दोन युक्त्या काढल्या, किंवा निदान रुळवल्या. पांढऱ्या लेसखाली रंगीत चकचकीत कागदाचा छोटा तुकडा ठेवायचा, म्हणजे जाळीचा नमुना खुलून दिसतो. आणि दोन थरांच्या मध्ये घड्या घातलेल्या कागदाची स्प्रिंग लावायची, म्हणजे वरचा थर उचलून धरला जातो आणि आत सावली पडते. आज सूनबाई फोम टेपचे चौकोन लावते ते याच सावलीसाठी. कार्डाची खोली डोळ्याला कळते ती या फटीमुळे. कागद कितीही भारी घ्या, थर एकमेकांना चिकटून बसले की कार्ड मेलं. १८७९ मध्ये एस्थरच्या न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनीनं १३१ कवितांचं पुस्तकही काढलं. कार्डातली कविता पसंत नसेल तर पुस्तकातली दुसरी निवडा आणि तिच्यावर चिकटवा. गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरचा इतका सरळ उपाय मला कधी सुचला नाही. कार्डाच्या पाठीवर बारीक लाल 'एच' असे, तो तिच्या आडनावाचा. टेबलाभोवती बसलेल्या बाकीच्या बायकांची अक्षरं कुठंच नाहीत.

आमच्या युनिटवरही बायकाच असायच्या, खरं तर युनिटवर नव्हे, आसपासच्या वाड्यांमध्ये. पंचिंग मी आणि एक पोरगा करायचो. ट्रेडलमध्ये बोट जायची भीती, म्हणून तिथं दुसऱ्या कुणाला उभं करायचो नाही. पंच झालेले थर गठ्ठे बांधून घरोघर द्यायचे. दुपारची जेवणं उरकली की बायका चटईवर बसून चिकटवायच्या, शेकड्यावर दर. संक्रांतीच्या कार्डांत हलव्याचे चार दाणे ठेवायला कागदाचा खिसा असे. तो चिकटवायला वेळ लागतो म्हणून त्या जास्त दर मागत आणि तो मला द्यावा लागे. खिसा वाकडा बसला तर दाणे टपालातच सांडतात. माझा डाय कितीही नेमका असला तरी कार्ड नीट उभं राहायचं ते त्यांच्या हातावर.

आपल्याकडे बायकांचं हे चिकटवणं आमच्या युनिटच्या आधीही होतंच. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. तिथल्या दगडी छपाईच्या लक्ष्मी-सरस्वती घरात आल्या की बायका त्यांच्या साड्यांवर जर, टिकल्या, कापड, मणी चिकटवत. चित्रकाराचं नाव आपण घेतो. सरस्वतीच्या पदराला जर कुणी लावली, विचारू नका.

कापणाऱ्यांच्या बाजूला मात्र नावांची कमी नाही. ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट गेअर नावाचा स्कॉटिश माणूस कागदी पिशव्या करायचा. १८७९ मध्ये त्याच्या यंत्रातली घडी पाडणारी पट्टी सरकली आणि घडी पडायच्या जागी पिशव्या कापल्या गेल्या. दुसरा कुणी कामगारावर ओरडून मोकळा झाला असता. गेअरच्या डोक्यात आलं, एकाच फटक्यात कापताही येईल आणि घडीही पाडता येईल. एक पट्टी धारदार आणि उंच, दुसरी बोथट आणि किंचित बुटकी. पुठ्ठ्याचा घडीचा खोका त्यातून आला आणि माझा धंदाही. आमचा प्रत्येक डाय म्हणजे गेअरची ती चूक, नीट मापात बसवलेली. प्लायवुडमध्ये करवतीनं फटी पाडायच्या, त्यात कटिंगचा आणि क्रीझचा, म्हणजे घडीचा, रूल (पट्टी) ठोकायचा, शेजारी रबर लावायचं म्हणजे कागद आत अडकत नाही. रूलच्या धारेला कानशीनं बारीक खाच मारायची, म्हणजे तुकडा शीटला जरासा धरून राहतो. जर्मनीहून जगभर जाणाऱ्या उठावाच्या रंगीत फुलांच्या, देवदूतांच्या शीटमध्येही अशाच बारीक पट्ट्यांनी तुकडे जोडलेले असत. या जर्मन मालाचा फटका बसला बॉस्टनच्या लुई प्रँगला. त्यानं १८७० च्या दशकापासून अमेरिकेत सुंदर रंगीत नाताळकार्डं विकली. वीस-वीस दगडांवरून रंग चढवायचा. स्वस्त जर्मन माल आला आणि त्यानं तो धंदा सोडला. एस्थरनं त्याआधीच, १८८० च्या सुमारास, आपली कंपनी जॉर्ज व्हिटनीला विकली होती.

सुनेच्या मशीनचा वंश वेगळा. त्यात डाय नाही, दाबही नाही. नकाशे आणि आराखडे काढायच्या प्लॉटरमध्ये पेनाच्या जागी पातं बसवलं, की झालं. जोसेफ गर्बर हा व्हिएन्नाचा ज्यू मुलगा, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत गेला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या कंपनीनं संगणकावर चालणारं कापड कापायचं यंत्र आणलं, १९८० च्या दशकात पाट्यांसाठी व्हिनाइलची अक्षरं कापणारं. पुण्यात ते आपण ओळखतो रेडियमवाल्याकडचं म्हणून. नंबरप्लेटवर 'आईचा आशीर्वाद' चिकटवून देणाऱ्याच्या टपरीत जे घरघरतं, तेच यंत्र आकारानं लहान होऊन २००० नंतर छंदवाल्यांच्या घरात शिरलं. युटामधल्या प्रोव्हो क्राफ्टनं क्रिकट नावाचं असं मशीन आणलं तेव्हा नक्षी विकत घ्यायला लागे, कार्ट्रिजमध्ये. पुढे आपली नक्षी इंटरनेटवरून चढवता येऊ लागली. मार्च २०२१ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की फुकट वापरणाऱ्यांना महिन्याला वीसच नक्ष्या चढवता येतील. लोक असे भडकले की त्याच महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. डायमेकरनं माझ्याच डायवर महिन्याला किती ठोके मारायचे ते ठरवलं असतं, तर मीही भडकलो असतो.

या मशीनचं पातं टोकाशी तिरकं असतं आणि आपल्या आसाभोवती फिरतं, त्यामुळे ते रेषेच्या मागून ओढत जातं. बारीक कोपऱ्यात कागद फाटतो तो म्हणून. चिकट मॅटवरून कार्ड ओढायचं नाही, मॅट वाकवून कार्डापासून सोडवायचा, नाहीतर कागद गुंडाळतो. हे सूनबाई मला शिकवते आणि मी ऐकून घेतो. तिचं एक दिवाळीकार्ड: शनिवारवाड्याचा दरवाजा, मागं पणत्यांची ओळ, त्यामागं आकाशकंदील, शेवटी गडद निळं आकाश, चार थर. मशीन ते चार थर काही मिनिटांत कापतं. बारीक भोकांमधली छाटण टोकदार चिमट्यानं काढायची, फोमचे चौकोन कापायचे, थर एकावर एक बरोबर बसवायचे, यात संध्याकाळ जाते. बिलात मात्र ती फक्त कटिंगचे पैसे लावायची, मशीन महागडं म्हणून. मी सांगितलं, दोन ओळी लिही. यंदाच्या दिवाळीपासून बिलात कटिंग वेगळं, चिकटवणी वेगळी, आणि दुसरा आकडा मोठा. एका गिऱ्हाइकानं त्यावरून वाद घातला. तिनं सुटे थर आणि फोमची पट्टी पाकिटात भरून दिली आणि घरी चिकटवून घ्या म्हणाली.