शिवडीची बाग, शिवडीची दफनभूमी

मुंबईच्या राणीच्या बागेत कित्येक पिढ्यांनी हत्ती पाहिला, आणि आता पेंग्विन पाहायला रांगा लागतात. पण या बागेचं मूळ घर भायखळ्याला नाही, शिवडीला आहे. पश्चिम हिंदुस्थानातल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने, म्हणजे शेती आणि बागाईतीच्या संस्थेने, आपली पहिली मोठी बाग शिवडीला लावली होती. आज त्याच जमिनीवर मुंबईतली मोठी ख्रिस्ती दफनभूमी आहे. मुंबईकर तिला ‘शिवडी सिमेट्री’ म्हणतात.

ही संस्था १८३० च्या सुमारास निघाली. परदेशी झाडं इथल्या मातीत रुजतात का, कोणतं पीक व्यापाराला उपयोगी पडेल, हे लावून पाहायचं, असा तिचा उद्देश. त्या काळी शिवडी म्हणजे बेटाचं पूर्वेकडचं टोक. एका बाजूला खाडी आणि तिचा चिखल, वर जुना किल्ला, आणि कोटातल्या गजबजाटापासून भरपूर अंतर. बाग लावायला ही जागा सोयीची होती. त्याच कारणासाठी पुढे ती मृतांसाठीही सोयीची ठरली.

मुंबईतल्या इंग्रजांच्या दफनभूमीची गोष्ट मुळात सरकत जाण्याचीच आहे. त्यांची पहिली दफनभूमी मेंढम्स पॉइंटला, आजच्या कुपरेजच्या आसपास, समुद्राच्या कडेला होती. अठराव्या शतकात किल्ल्याच्या संरक्षणासाठी भोवतीचं मैदान मोकळं करायला घेतलं तेव्हा ती हलली आणि सोनापूरला, बॅक बेच्या किनाऱ्यावर गेली. तिथे ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू यांच्या अंत्यसंस्कारांच्या जागा एकमेकींच्या शेजारी होत्या. गिरगाव, ठाकुरद्वार, धोबी तलाव भरत गेले आणि कधीकाळी गावाबाहेर असलेलं सोनापूर शंभर वर्षांत वस्तीच्या पोटात आलं.

त्याच काळात युरोपात आणि अमेरिकेत गावातली चर्चची अंगणं मृतांनी ओसंडली होती. पॅरिसने १८०४ मध्ये शहराच्या कडेला पेर लाशेझची दफनभूमी उघडली. लंडनने १८३० च्या दशकात केन्सल ग्रीनपासून सुरुवात करून शहराभोवती दफनभूमी आखल्या. वळणदार रस्ते, झाडं, हिरवळ, आणि त्यात थडगी, अशी त्यांची आखणी. या सगळ्यांत मला बॉस्टनजवळच्या माउंट ऑबर्नचं उदाहरण शिवडीच्या सर्वांत जवळचं वाटतं. १८३१ मध्ये ती दफनभूमी तिथल्या बागाईतीच्या संस्थेनेच काढली. प्रयोगाची बाग आणि दफनभूमी एकाच जमिनीवर नांदाव्यात, अशी तिच्या संस्थापकांची कल्पना होती. मुंबईत या दोन्ही एकापाठोपाठ आल्या. आधी बाग, मग दफनभूमी.

१८६१ मध्ये भायखळ्याला, माझगावच्या बाजूच्या माउंट इस्टेटीवर, नव्या बागेचं काम सुरू झालं. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट ही शहरातली कर्ती माणसं बाग आणि तिच्यालगतचं संग्रहालय उभं करण्यात पुढे होती. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ही ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ लोकांसाठी खुली झाली. शिवडीची जागा मागे राहिली. १८६५ मध्ये म्युनिसिपल कमिशनर म्हणून आलेल्या आर्थर क्रॉफर्ड यांनी ती युरोपीय दफनभूमीसाठी घेतली. पुढे मंडईला ज्यांचं नाव लागलं, तेच हे क्रॉफर्ड. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात धो धो आला होता, कोटाच्या भिंती नुकत्याच पडल्या होत्या, आणि प्रत्येक मोकळ्या जागेचा नवा हिशोब मांडला जात होता. मृतांची जागाही त्याच हिशोबात आली.

पण सोनापूरचे सगळेच शिवडीला गेले नाहीत. हिंदूंची स्मशानभूमीही तिकडेच हलवावी असा सरकारचा विचार होता. नाना शंकरशेट त्याच्या विरोधात उभे राहिले आणि लोकांना बरोबर घेऊन त्यांनी तो बेत मोडून काढला. त्याचं महत्त्व कळायला नकाशा पाहावा लागतो. गिरगावातून शिवडी सहा-सात किलोमीटर. ज्यांच्या दाराशी बग्गी उभी असे त्यांना हे अंतर फारसं नव्हतं. खांद्यावर तिरडी घेऊन, मडकं धरून, पावसाळ्यातल्या चिखलातून चालत जाणाऱ्यांना ते फार होतं. नानांनी ही गरिबांची अडचण ओळखली, आणि मला त्यांच्या मोठ्या कामांत हे कामही तितकंच मोठं वाटतं. आज सोनापूरच्याच जागी असलेल्या चंदनवाडीच्या स्मशानात लोक आपल्या माणसाला पोचवायला जातात ते या लढ्यामुळे. नाना ३१ जुलै १८६५ रोजी गेले. शिवडीची दफनभूमी झाली तेही वर्ष १८६५.

शिवडी सुरुवातीला युरोपियांची असली तरी तशी राहिली नाही. व्हिक्टोरिया टर्मिनस उभारणारे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स १९०० मध्ये वारले, ते इथेच आहेत. आणि इथेच काका बॅप्टिस्टा आहेत. जोसेफ बॅप्टिस्टा हे माझगावचे, टिळकांचे जिवाभावाचे सहकारी, होमरूल चळवळीतले पुढारी, मुंबईचे महापौर. ते १९३० मध्ये गेले. साम्राज्याचं स्टेशन बांधणारा आणि त्या साम्राज्याकडे स्वराज्य मागणारा, दोघे एकाच मातीत आहेत. गोव्याहून, वसईहून, कोकणातून कामासाठी आलेल्या आणि मुंबईच्या मूळच्या गावठाणांतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी ही भूमी हळूहळू आपली केली.

आणि तरी इथलेही सगळे इथे टिकले नाहीत. पहिल्या महायुद्धात मुंबईत मरण पावलेले ब्रिटिश साम्राज्याचे सैनिक शिवडीत पुरलेले होते. जून १९६२ मध्ये त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष पुण्याजवळच्या खडकीच्या युद्ध दफनभूमीत नेण्यात आले. पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या ज्या जागी थडग्यांची कायमची निगा राखण्याची खात्री नव्हती तिथले दुसऱ्या महायुद्धातले सैनिकही खडकीलाच एकत्र केलेले आहेत. तिथे हिरवळ कापलेली असते आणि फुलझाडांचे वाफे नीट राखलेले असतात. सेनापती असो वा शिपाई, सर्वांच्या वाट्याला सारखीच खूण, हा राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाचा नियम तिथे पाळलेला दिसतो. या निगेला पैसे देणारा आयोग आहे, म्हणून ती टिकते.

शिवडीला तसा आयोग नाही. जमीन अपुरी, शहर अवाढव्य, म्हणून मुंबईतल्या दफनभूमींत बहुतेकांच्या वाट्याला कबर थोड्या वर्षांपुरतीच येते. मग अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, वर नावाची छोटी फरशी बसवतात, आणि तीच जागा पुढच्या माणसाला देतात. कायमच्या कबरी फार थोड्या कुटुंबांकडे आहेत. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, घरची माणसं येतात, फरशी पुसतात, झेंडूचे हार घालतात, मेणबत्त्या लावतात. ज्यांची कबर उरली नाही ते कोनाड्यासमोर उभे राहतात.

भायखळ्याच्या बागेने १९८० मध्ये वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव घेतलं. तिच्या झाडांवर नव्या आराखड्यांचं संकट आलं तेव्हा नागरिकांनी ती वाचवण्यासाठी चिकाटीने लढा दिला. शिवडीच्या झाडांची आणि जुन्या थडग्यांची मोजदाद कुणी तरी तितक्याच आस्थेने करायला हवी. त्यात संस्थेच्या त्या पहिल्या बागेचं एखादं झाड अजून उभं आहे का, तेही वनस्पतीशास्त्राच्या माणसांनी शोधावं.