जुन्या मोटारीचा हीटर : बंद करावा की दुरुस्त?

नागपूर : विदर्भाच्या उन्हाळ्यात मोटारीतील हीटरची आठवण सहसा कोणाला होत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर पोहोचला होता. अशा शहरात जुन्या ॲम्बेसेडरचा किंवा प्रीमियर पद्मिनीचा हीटर गळू लागला, की 'काढूनच टाका' हा सल्ला सहज दिला जातो. मात्र, हीटर हा इंजिन थंड ठेवणाऱ्या व्यवस्थेचाच एक भाग आहे. तो वगळताना पाण्याचा मार्ग चुकला, तर किरकोळ दुरुस्तीच्या जागी सिलिंडर हेडचे खर्चिक काम निघू शकते.

दुसरा, लहान रेडिएटर
इंजिनात तापलेले पाणी पंपामुळे सतत फिरत असते. ते साधारण ८० अंशांच्या आसपास तापले, की थर्मोस्टॅट उघडतो आणि पाणी पुढील रेडिएटरमध्ये जाऊन थंड होते. याच पाण्याचा एक फाटा डॅशबोर्डखालील लहान रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये जातो. त्यावरून पंख्याने सोडलेली हवा गरम होऊन आत येते. मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातील ॲम्बेसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात हीटर बसवलेला असल्यास गरम पाणी सिलिंडर हेडच्या मागील भागातील तोटीतून निघते आणि पंपाकडे परत येते.

गळती कशी ओळखावी?
पायाखालचे कार्पेट ओले व चिकट होणे, आत गोडसर वास येणे, समोरच्या काचेवर तेलकट वाफ धरणे आणि बाहेर कोठेही गळती नसताना रेडिएटरमधील पाणी कमी होणे, ही हीटर कोअर फुटल्याची लक्षणे होत. पाणी केवळ तोटीपाशी किंवा होज पाइपच्या टोकाशी पाझरत असेल, तर कोअरला हात लावण्याची गरज नसते. नवा पाइप व क्लॅम्प बसवल्यास काम भागते.

तोटी बंद करणे पुरेसे नाही
कोअर फुटला असेल, तर नुसती तोटी बंद करून गळती थांबत नाही. पाणी येण्याचा मार्ग बंद झाला तरी परतीचा पाइप दाबाखालील व्यवस्थेशी जोडलेलाच राहतो आणि पाणी त्या बाजूने कोअरमध्ये शिरते. त्यामुळे दोन्ही पाइप कोअरपासून वेगळे करावे लागतात. पुढे दोन पर्याय उरतात : दोन्ही टोकांना बूच मारणे, किंवा दोन्ही टोके एकाच होज पाइपने जोडणे.

निवड करण्यापूर्वी मूळ रचना पाहावी. हीटरकडे जाणारे पाणी पूर्ण बंद करणारी तोटी कंपनीनेच दिली असेल, तर त्या फाट्याविना इंजिन चालावे, अशीच योजना असते. तेथे धातूचे बूच व पक्के क्लॅम्प वापरून टोके बंद करणे योग्य ठरते. तोटी नसेल आणि पाणी हीटरमधून सतत फिरत असेल, तर टोके जोडून प्रवाह कायम ठेवावा. अशा काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरण्यासाठी हाच मार्ग असतो. तो अडवल्यास इंजिनाचा एखादा भाग जास्त तापण्याचा धोका असतो.

टोके जोडण्यातही एक तोटा आहे. कोअरच्या बारीक नळ्यांमुळे प्रवाहाला मिळणारा अडथळा नाहीसा होतो आणि बरेचसे गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पंपाकडे परतते. नवतपाच्या दिवसांत हे परवडणारे नाही.

दुरुस्ती का करावी?
गर्दीत इंजिन तापू लागले, तर हीटर व त्याचा पंखा पूर्ण सुरू करून काही उष्णता बाहेर काढता येते. प्रवाशांना त्रास होतो, पण इंजिन वाचते. नागपूरची थंडीही अगदीच सौम्य नसते. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे ३.५ अंश तापमान नोंदवले गेले. पहाटे काचेवरील वाफ घालवण्यासाठी तेव्हा हीटरच उपयोगी पडतो.

तांबे-पितळेचा जुना कोअर रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून डाख देऊन घेता येतो. प्रथम उलट दिशेने पाणी सोडून गाळ काढावा, मग कमी दाबाची हवा भरून कोअर पाण्याच्या टबात बुडवावा. बुडबुडे येतील तेथे छिद्र समजावे. गळती बुजवणाऱ्या पावडरी टाळाव्यात, कारण त्या बारीक नळ्याही बुजवतात. पाणी पुन्हा भरताना हीटरची तोटी उघडी ठेवावी आणि अडकलेली हवा पूर्ण निघू द्यावी. बोअरचे जड पाणी वापरू नये. डिस्टिल्ड वॉटर व कूलंट यांचे मिश्रण गंज रोखते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवते. इथिलीन ग्लायकोलयुक्त कूलंट विषारी असून चवीला गोड असते. त्यामुळे सांडलेले कूलंट लगेच धुवावे व मुले आणि पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून गंभीर भाजू शकते.

मूळ रूप जपा
ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तर मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली. जुन्या गाड्यांचे मूळ भाग त्यामुळे जपूनच ठेवावेत. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. हीटर वगळावाच लागला, तर मूळ पाइप कापू नयेत आणि काढलेला कोअर भंगारात देऊ नये. उन्हाळ्यापुरते बूच मारून पावसाळ्यात सवडीने दुरुस्ती करून घेणे, हा मधला मार्ग इंजिनालाही मानवतो आणि गाडीचे मूळ रूपही राखतो.