पैसा कुणाचा, झळ कुणाला? : अर्थशास्त्री बाबासाहेब

अभ्यासशिबिरात मी एक प्रश्न हमखास टाकतो. बाबासाहेबांनी डॉक्टरेट कशात केली? पोरं छातीठोक सांगतात, कायद्यात! बॅरिस्टर होते, घटना लिहिली, म्हणजे कायदाच असणार. नाही. कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी., दोन्ही अर्थशास्त्रातल्या. पुतळ्याच्या हातात पुस्तक आहे एवढं आपल्याला पाठ. कसलं अर्थशास्त्र त्यांनी लिहिलं, ते ठाऊक नाही.

आपल्या पुण्यात बाबासाहेब म्हटलं की येरवडा, २४ सप्टेंबर १९३२. ती जखम विसरायची नाहीच. पण याच पुण्यात २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले अर्थशास्त्र संस्थेचं काळे स्मारक व्याख्यान द्यायला बाबासाहेब उभे राहिले. रानडे-गोखल्यांच्या शहरात, संघराज्याच्या प्रश्नावर. ज्या शहरानं पेशवाईत आपल्या बापजाद्यांना सावलीसकट दूर ठेवलं, त्या शहराला हा माणूस राज्यकारभार शिकवत होता. तो अधिकार कुणी दान दिला नव्हता. पंचवीस वर्षांच्या अभ्यासातून कमावला होता.

तो अभ्यास कसा झाला बघा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला गेले. सार्वजनिक वित्ताचे नावाजलेले प्रोफेसर सेलिगमन त्यांचे शिक्षक. १९१५ ला एम.ए. झाले. १९१६ ला लंडन गाठलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ ला परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी मिळाली, पण राहायला छप्पर कुणी देईना. मग १९१८ ते २० मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. तिथं पाण्याच्या माठावरून सहकारी प्राध्यापकांनीच कुरकुर केली. पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांकडून कर्ज काढलं आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी.

आता या अभ्यासाच्या पोटात शिरू या. पहिला मुद्दा आपल्या दारातलाच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ ला पुस्तक छापलं. १७७१ ला तिथं सरासरी जमीनधारणा ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. अशा आकड्यांवरून ओरड चालू होती की तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तुकडे जोडा, म्हणजे सगळं ठीक. इलाख्याचे शेतकी अधिकारी कीटिंग म्हणत, कुटुंबाचं नीट पोट भरेल तेवढी जमीन म्हणजे परवडणारी धारणा.

सत्तावीस वर्षांच्या बाबासाहेबांनी १९१८ च्या लेखात हे सगळं उलटं केलं. ते म्हणाले, किती तोंडं खातात यावर शेत लहान की मोठं ठरत नाही. शेतावर भांडवल किती, अवजारं किती, राबणारे हात किती, त्या हिशोबानं ठरतं. खरं दुखणं असं की भांडवल नाही आणि बिनकामाचे हात सगळे जमिनीवर लादलेत. उपाय कारखानदारी. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यांच्यासाठी या वाक्याचा अर्थ काय होतो ते तुम्हीच बघा. आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, तिथं टॉवर उभे आहेत. हात जमिनीवरून उठले. पण गेले कुठं? बांधकामावर, झाडूवर, कंत्राटावर. हा प्रश्न आपण धरायचा.

दुसरं काम पीएच.डी.चं. १९२५ ला पुस्तक छापलं, १९२७ ला पदवी मिळाली. १८३३ ते १९२१ या काळात ब्रिटिश सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी झाली, त्याचा हा हिशोब. वसुली कुणाकडून? जमीनमहसूल, मिठावरचा कर, म्हणजे गरिबाकडून. खर्च कशावर? लष्करावर. शिक्षणाच्या वाट्याला चिल्लर.

तिसरं म्हणजे १९२३ चा रुपयाचा प्रबंध. परीक्षकांना तो झोंबला, फेरलिहायला सांगितला. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष सोडले नाहीत. केन्ससारख्या बड्या पंडिताशी त्यात वाद आहे. मार्गदर्शक कॅनन यांनी प्रस्तावनेतच आपले मतभेद नोंदवले, तरी पाठीशी उभे राहिले. गाभा सोपा आहे. रुपया घसरला की निर्यातवाला व्यापारी खूश. भाव वाढतात, मजुरी मागं राहते. त्याचा नफा म्हणजे मजुराच्या ताटातली भाकरी. म्हणून रुपये पाडायची सरकारची मोकळीक बंद करा, कायद्यानं मर्यादा घाला.

रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकातून निघाली असं आपल्या स्टेजवरून सर्रास सांगतात. १५ डिसेंबर १९२५ ला हिल्टन यंग कमिशनपुढं त्यांनी साक्ष दिली, हे पक्कं. पण कमिशननं बँकेसोबत चलनाला सोन्याच्या लगडीचा पाया सुचवला, ती बाबासाहेबांची मांडणी नव्हती. त्यांना मोठं करायला फुगवलेल्या गोष्टी लागत नाहीत. समोरचा एक खोट पकडतो आणि आपलं खरंही वाया जातं.

हा अभ्यास कपाटात बसला नाही. १९२८ ला महार वतनाचं बिल आलं, १९३७ ला खोती मोडायचं बिल आलं, १९३८ ला शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर गेला. कोण राबतो आणि कोण खातो, हे आधी कागदावर मांडलं, मग रस्त्यावर.

मोठे आर्थिक ग्रंथ सरकारनं सहाव्या खंडात १९८९ ला छापले. त्याआधीच्या पिढीला ते सहज मिळत नव्हते. आपल्याला ही सबब नाही. १९७९ ला विशेष घटक योजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात आपला पैसा वेगळा काढायचा, असं ठरलं. योजनेची नावं बदलत गेली. किती काढला, किती खर्चला, किती दुसरीकडं वळवला, हे वाचणारे आपल्या वस्तीत किती जण आहेत?

जयंतीची वर्गणी जमते, डीजे ठरतो. त्याच मंडळात चार पोरापोरींनी महापालिकेचं बजेट आणून बसावं. पानोपान विचारावं, हा पैसा कुणाकडून आला, कुणावर गेला, आपल्या वस्तीला काय आलं. इंग्रजी अडेल, आकडे अडतील. अडू द्या. बाबासाहेबांना तर राहायला छप्परही कुणी दिलं नव्हतं.

जयभीम.